आटोपशीर गाऱ्हाणं

वालावलच्या दत्ताराम काकांनी होम-स्टेच्या वेबसाइटसाठी सात पानं लिहिली, तीही आजोबांनी लावलेल्या माडांपासून सुरुवात करून. पुतणी किशोरी लाल पेन घेऊनच बसली. "काकानू, मोबाइलार येवडा कोण वाचतलो? लांबण कापा. एका पानार एकच मुद्दो ठेवा." काकांना हे इतकं पटलं की संध्याकाळपर्यंत सात पानांच्या सात ओळी झाल्या.

दुसऱ्या दिवशी देवळात गावाचं गाऱ्हाणं होतं. ते घालायचा मान काकांचा, आणि घरोघरचं मागणं देवाच्या कानावर घालता घालता त्यांना अर्धा तास सहज लागायचा. किशोरीनेही सोमवारच्या मुलाखतीचं त्यांना बजावून सांगितलं होतं. हात जोडून ती आपल्या नावाची वाट बघत उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा, सगळ्यांचा बरा कर रे म्हाराजा!" एवढं म्हणून काकांनी नारळ फोडलासुद्धा.

"होय म्हाराजा!" म्हणत गाव प्रसादाकडे वळला. किशोरी रडकुंडीला आली. "काकानू, माझ्या नोकरीचा इसारलात?"

काकांची छाती अभिमानाने फुगली.

"इसारलंय नाय गो, पयला तुझाच कापलंय!"