टायरचं सर्कल

चौकात रोज कुणी ना कुणी कुणावर तरी आदळायचं. सिग्नल बसवून उपयोग नव्हता, त्या भागात वीज पाहुण्यासारखी यायची आणि जायची. म्हणून इंजिनीअरबाईंनी जुन्या टायरना चुना फासून ते चौकाच्या मधोमध गोल मांडले. हे कच्चं सर्कल महिनाभर टिकलं, तर पक्कं बांधायचं ठरलं होतं.

साहेब पाहणीला आले, तेव्हा चौकात एकही टायर नव्हता.

"गेले कुठे?"

"लोकांनी एकेक करून नेले, सर. कुणी झोका केला असेल, कुणी कुंडी."

"म्हणजे टिकलं नाही. तसं लिहून टाका."

"पण सर, जरा गाड्यांकडे बघा ना."

"गाड्या काय बघायच्या? टायर कुठे आहेत?"

साहेब तडक जीपमध्ये जाऊन बसले. ड्रायव्हर त्याच भागातला, रोज तिथूनच ये-जा करणारा. त्याने मोकळ्या चौकात सावकाश वळसा घ्यायला सुरुवात केली.

"अरे, सरळ घे की. उशीर झालाय."

"सरळ कसं घेणार, साहेब? मध्ये सर्कल आहे."