मेलेल्याचे डोळे

"डोळे तेवढे आखा ना, तात्या!" मी ब्रश पुढे केला. आमच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी फक्त तात्याच करतात, आणि उद्या तर जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन! बांबू, गोणपाट आणि कागदाच्या लगद्याचा माझा आर्केलॉन मूर्तींसमोर ऐसपैस पसरला होता. पंधरा फुटी समुद्री कासव!

"हा सध्या असतो कुठं?"

"कुठंच नाही. सात कोटी वर्षांपूर्वी संपला."

"मग? मेलेल्याचे डोळे मिटायचे असतात, पोरी. उघडायचे नसतात."

चूक म्हणावं, तर चूक नेमकी कुठं ते सापडेना. तोवर तात्यांनी दोन मिटलेल्या पापण्या आखूनही टाकल्या. माझं खतरनाक कासव डाराडूर!

प्रदर्शनात परीक्षक बाई वाकल्या. "डोळे बंद का?"

नंबर गेलाच, असं वाटलं. पाठ केलेलं सगळं भाषण उडालं.

"बाई, हा... वारलाय ना," मी कशीबशी म्हणाले.

बाईंनी त्या पापण्या निरखून पाहिल्या. मग त्या शेजारच्या शाळेच्या टेबलाकडे वळल्या. तिथल्या डायनासोरचे डोळे बटाट्याएवढे होते.

"आणि हा कसा काय जागा?"