दहा वर्षांची जपणूक

“हो, मी राजीखुशीने सही करतेय.” नऊ वर्षांपूर्वी पडद्यावर ऐकलेला मिसेस स्टोल्ट्झचा हा आवाज नोटरी लॉर्नाच्या कानात मुक्कामालाच आला होता. व्हिडिओ कॉलवर सह्या साक्षांकित करणाऱ्या ऑनलाइन नोटरीने प्रत्येक सहीचं रेकॉर्डिंग दहा वर्षं जपायचं, असा ओहायोत नियम. आता म्हातारी गेली, आणि तिची मुलगी कॉरीन ते बघायला लॉर्नाच्या ऑफिसात आली होती.

“कॉफीत साखर घालू का विचारलं, तरी मॉम पाच मिनिटं वाद घालायची,” कॉरीन हसली. मग पडद्यावरच्या आईलाच म्हणाली, “आणि राहतं घर माझ्या भावाला देताना नुसतं हो? एवढी का गं रागावली होतीस माझ्यावर?”

लॉर्नाने चित्र थांबवलं.

“कॉरीन, हे दुसरं रेकॉर्डिंग आहे. पहिल्यात त्या नाही म्हणाल्या होत्या. ते मी पुसलं.”