बैठकीतला क्लोरीन

"आवर्तसारणीत फ्लोरीन क्लोरीनच्या वर आहे, लहानही आहे. मग इलेक्ट्रॉन घेताना जास्त ऊर्जा क्लोरीनच काहून सोडते?"

बैठकीत पोह्यांचे चमचे थांबले. पाहायला आलेल्या मुलाला मुलीनंच प्रश्न विचारायचा, हे मोहाडीत कोणी ऐकलंही नव्हतं. पण मैत्रिणींनी तशी पैजच लावली होती, आणि बारावी सायन्सची चंद्रकांता हल्ली कोणाला भीत म्हणून नव्हती.

"बाप्पा! पोट्टी तं परीक्षाच घेऊन राहिली," मुलाचे मामा मारोतराव हसले. "विचार, विचार! आमचा भोजराज लाखनीच्या शाळेत हेच शिकवते."

चंद्रकांताचे वडील यादोरावही हसले. त्यांची अट एकच. जावई पोरीपेक्षा हुशार पाहिजे. तेवढं जमलं की माघातच बार उडणार, मग बोर्डाची परीक्षा गेली चुलीत!

भोजराजनं बशी खाली ठेवली. कपाळ पुसलं.

"फ्लोरीनचा अणू लई लहान," तो अडखळत म्हणाला. "आतले इलेक्ट्रॉन आधीच दाटीनं बसलेले. नवा आला की ते त्याले ढकलतात. क्लोरीनमंदी जागा असते."

कोणालाच काही कळलं नाही. सगळे चंद्रकांताकडे पाहू लागले.

"बरोबर हाय का वं?" यादोरावांनी विचारलं.

"नाही, बाबा. आमच्या सरांनी वेगळं सांगितलं."

भोजराजनं वर पाहिलं. तिच्याकडे. जरा वेळच. मग मान खाली घातली.

"हो जी. चुकलंच माझं."

"एवढ्याशा पोट्टीनं नाक कापलं तुझं!" मारोतराव उठलेच. "पगार कायचा घेतेस रे तू?"

भोजराजनं उठून चपला घातल्या. राजदूत फटफटीला किक बसली आणि पाहुणे गेले.

"बरं झालं, आधीच समजलं," यादोराव म्हणाले. "मास्तर म्हणे!"

परीक्षा वाचली होती, पैजही जिंकली होती. तरी चंद्रकांताच्या ताटातला वरणभात तसाच राहिला.

"रडून काहून राहिली वं?" तिची आई कुंताबाई म्हणाली. "दुसरा पोरगा भेटंल."

चंद्रकांता ताटावरून उठली.

"दुसरा नको. आधी मी बी.एस्सी. करीन, न् मग लग्न करीन तं त्यायच्याशीच. बाबा, उत्तर बरोबर होतं. न् त्यायलेही ते माहीत होतं."