गालावरचं नाव

कंपनीचा साहेब आला तेव्हा कारखान्यातल्या साऱ्या बायका झोपल्या होत्या. शिलाईची यंत्रं गप्प. पंखा तेवढा जागा.

"आज काम बंद का?"

"चालू आहे की," ताई कुजबुजली. कारखाना तिनंच उभा केलेला. शिंप्यांकडची कातरण पिंजायची, उशा भरायच्या, विकायच्या. "सकाळची उशी दुपारी आम्ही डोक्याखाली घेऊन बघतो. झोप लागली तर पास. नाहीतर उसवायची."

साहेबाला हसू आलं. कंपनीला यंदा समाजासाठी काहीतरी करायचं होतं; दवाखान्यांतून उशा फुकट वाटायच्या होत्या. ही ऑर्डर मिळाली तर बायकांना वर्षभर काम होतं. नाही मिळाली तर निम्म्या जणी घरी. अट एकच, उशीच्या मधोमध कंपनीचं नाव, जाड भरतकामात. नमुन्याची उशी तयार होती.

"मधोमध टोचतं हो, साहेब. नाव काठाला घेऊ या."

"काठावरचं फोटोत येत नाही, ताई. आणि लोकांना फुकटच तर मिळणार आहे."

"म्हणून टोचलेलं चालतं?" ताईनं नमुना त्याच्या हातात दिला. "बघा पडून. तपासल्याशिवाय इथून माल जात नाही."

दोनच मिनिटं, असं म्हणत साहेबानं बूट काढले आणि तो भिंतीकडेला झोपलेल्या मावशींपासून जरा अंतर ठेवून आडवा झाला. उन्हाच्या तिरिपेत पिंजलेल्या कापडाचे तंतू तरंगत होते, खाली यायची कुणालाच घाई नव्हती. सगळ्यांचा श्वास हळूहळू एक झाला. साहेब या कुशीवरून त्या कुशीवर झाला. स्वप्नात कुणीतरी सारखी कंपनीच्या नावानं हाक मारत होतं, आणि ओ कुणी द्यायची तेच कळत नव्हतं.

तो दचकून उठला. "लागली की झोप! उशी पास!"

जाग्या झालेल्या दोघीतिघी तोंडावर हात धरून त्याच्याकडे बघत होत्या. ताईनं आरसा पुढे केला. गालावर कंपनीचं नाव खोल उमटलं होतं. आरशात अगदी सुलट, वाचता येईल असं.

त्यानं गाल चोळला. "जाईल ना हे? मला मीटिंग आहे."

"तुमचं जाईल हो घटकाभरात. दवाखान्यातल्यांचं रोज नवं उमटेल."

साहेबानं आरसा परत दिला. मग उशी उलटी केली, कोरी बाजू वर घेतली आणि पुन्हा डोकं टेकलं.

"काठाला घ्या, ताई," तो पुटपुटला. "पण ही बाजू मला नीट तपासू..."

"हळू बोला रे," मावशींनी डोळे न उघडताच दटावलं. "काम चालू आहे."