दहाव्याला दिलेला शब्द

बायको गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिची पिशवी माझ्या हातात होती. पिशवीत आमच्या गल्लीचा हरकतीचा अर्ज होता. सावेडीत आधीच पाणी दिवसाआड येतं आणि शेजारी बारा मजली इमारत होणार होती. तिने घरोघर फिरून चाळीस सह्या घेतल्या होत्या. माझी मागितली नाही. बिल्डर माझा सख्खा पुतण्या. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. "लेकीचं लग्न थाटात करतो म्हणा," मेहुणा म्हणाला. मी तसं म्हटलं. कावळा झाडावरच. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, तिचा जीव लग्नात नाही, अर्जात अडकलाय." पुतण्या मागेच उभा होता. मी पिंडाकडे बघून हात जोडले. "तुझा अर्ज मी देतो." कावळा पिंडावर उतरला. "काका, त्याला भूक लागली होती," पुतण्या कानाशी म्हणाला. हरकत नोंदवायची मुदत उद्या दुपारी संपते. अर्ज अजून माझ्याच कपाटात आहे.