कडू घास

बन्सीला अग्नी देऊन माणसं परतली तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. घरात चाळीसएक पाहुणे, आणि त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. गावी, तिसगावात असते तर भावकीनं कडू घास म्हणून पिठलं-भाकरीच्या दुरड्या आणल्या असत्या. पण बन्सीच्या बायकोनं, साळूबाईनंच हट्ट धरला होता. बावीस वर्षं माणूस केडगावात राबला, त्याची माती इथंच व्हायची.

"आता कडू घास कोन आनतंय तुला हितं?" थोरले दीर आसाराम बोललेच.

वसाहत नवी, कोण कुठला नि कोण कुठला. नवऱ्याच्या मातीला आपल्यामुळं कमीपणा आला, असं साळूबाईला वाटून गेलं.

तेवढ्यात दारात वसाहतीतल्याच, राजूरच्या मच्छिंद्रची बायको. दुरडीत नागलीच्या काळ्याभोर भाकरी. मागोमाग पाथर्डीकडची पंकजा बाजरीच्या घेऊन आली. बिहारच्या फरशीवाल्यानं तर कमालच केली. कुणाला तरी विचारून गड्यानं पिठलं रांधलं होतं, हळद जरा सढळ हातानं पडलेली. भाकरी काही थापता येईना म्हणून सोबत रोट्या. बघता बघता ओटा भरला. काय म्हणावं या माणसांना, कुणी कुणाला निरोप धाडला नव्हता.

शेवटी भागिरथीबाई आल्या. हातात ज्वारीच्या भाकरीची ही चवड. पण उंबऱ्याशीच थबकल्या.

"कुनाच्या म्हनायच्या तुमी?" आसारामनी विचारलं.

"मिरजगावची. आमी बौद्ध," त्या सरळ म्हणाल्या. "भाकरी हितंच ठिवते."

आसारामनी नुसतं हं केलं. ताटं वाढली गेली. पहिला घास साळूबाईला वडीलधाऱ्या बाईनं भरवायचा, म्हणून आसारामची बायको पदर खोचत उठली.

"थांबा जाऊबाई," साळूबाई म्हणाली. सकाळपासून तिला पहिल्यांदाच नीट आवाज फुटला. "धनी दवाखान्यात व्हते तवा धा दिस ह्या माझ्याजवळ बसल्यात. त्याच भरवतील."

भागिरथीबाई आत आल्या. भाकरीचा तुकडा मोडून, पिठल्यात बुडवून त्यांनी साळूबाईच्या तोंडाशी धरला. साळूबाईला रडू कोसळलं. घास मात्र तिनं खाल्ला.

मग आसारामनी आपलं ताट पुढं सरकवलं.

"बाई," ते म्हणाले, "ज्वारीची हाय का अजून?"